उंडीखालची जागा

पत्नी गेल्यानंतर मी किनाऱ्यावरच्या या गावात राहायला आलो आणि झाडावेलींचे फोटो काढू लागलो. वाळूवर पसरलेली मर्यादवेल, तिची जांभळी फुलं, ओहोळाकाठचा केवडा. दिवसभर फोटो काढायचे आणि संध्याकाळी ओटीवर बसून एकट्यानेच बघायचे. दाखवणार कुणाला?

काल वेलीपुढे गुडघे टेकून बसलो होतो, तेव्हा पलीकडे मासळी वाळत घालणारी एक म्हातारी जवळ आली.

"झाडांचे फोटो काढतास? मगे आमच्या उंडीचो काढा. रस्त्यासाठी तोडतले तिका."

उंडी तिच्या दारातच होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. मी म्हटलं, "तुम्हीही उभ्या राहा ना झाडाखाली."

"माका नको. हयसर बसान आमचे हे जाळी विणीत. आता ते नाय. ती जागा तेवढी येवंदे."

मी बुंध्याजवळची रिकामी जमीन फोटोत घेतली. तिला दाखवला, तेव्हा तिने फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. "बरो इलो," एवढंच म्हणाली.

घरी येऊन मी माझे जुने फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. कितीतरी फोटोंत झाड एका कडेला सरकलेलं होतं आणि शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. ती मी मुद्दाम सोडली नव्हती.