खुटबावच्या म्हशीला जर्मनीचा कायदा

आमच्या घरच्या एका म्हशीला काही काळ जर्मनीचा कायदा लागू होता. म्हशीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार माणसांची होती, आणि ती सगळी माझ्याच नात्यातली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात कारकून होतो. (गावात सांगताना 'कारकून' हा शब्द मी टाळायचो. 'पर्चेस बघतो' म्हणायचो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटायचं की कंपनीचा सगळा माल मीच पसंत करतो!) आमचा कारखाना तेव्हा एका जर्मन कंपनीकडून मोठं यंत्र घेत होता आणि त्या खरेदीचा लांबलचक इंग्रजी करार माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो मी लिहिला नव्हता, वाचलाही नव्हता. पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता, एवढ्यावर मी स्वतःला करारातला जाणकार समजू लागलो होतो.

घर आमचं इनामगावला, घोड नदीच्या काठी. त्या वर्षी आमच्याकडे वैरणीची बोंब होती. गोठ्यात एकच जनावर उरलं होतं, गजरी नावाची वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरुण म्हैस. गजरी जन्मली आणि तिची आई गेली, त्यामुळे माझ्या आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. माझ्यापेक्षा गजरीशी आईचं जास्त जमायचं, आणि त्यात आईचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, दौंड तालुक्यात खुटबावला दिलेली. तिकडे ऊस, उसाचं वाढं, पाण्याची चैन. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, म्हणाले की वगार आमच्याकडे अर्धलीनं द्या. अर्धल म्हणजे जनावर एकाचं, पोसायचं दुसऱ्यानं, आणि पुढे होणाऱ्या पिल्लांत दोघांचा वाटा. आईनं डोळे पुसत होकार दिला, पण आम्हाला एक अट घातली.

"गजरी ऱ्हाऊ द्या तिकडं. तिचं पहिलं रेडकू तेवढं माझ्या दावणीला पायजे. रिकामा गोठा मला बघवत न्हाई."

एवढंच वाक्य दाजींना तोंडी सांगितलं असतं तर मला आज लिहायला काही उरलं नसतं. पण मी मध्ये पडलो. म्हणालो, आता तोंडी व्यवहार कोणी करत नाही, रीतसर अ‍ॅग्रीमेंट करू. माझे वडील, अप्पा, म्हणाले की घरातल्या घरात कागद कशाला. मी त्यांना समजावलं की कंपनीत आम्ही साधे नट-बोल्ट घेतानासुद्धा अ‍ॅग्रीमेंट करतो. अप्पांनी आयुष्यात नट-बोल्ट विकत घेतले होते ते शिरूरच्या बाजारात पिशवी पुढे करून, त्यामुळे ते गप्प बसले.

मग जेवणाच्या सुट्टीत मी त्या जर्मन कराराची नक्कल काढली. पुरवठादार म्हणून अप्पांचं नाव घातलं, खरेदीदार म्हणून दाजींचं, आणि जिथे जिथे 'मशीन' आहे तिथे तिथे 'गजरी' टाक असं कॉम्प्युटरला सांगितलं. कॉम्प्युटरनं हूं की चूं न करता टाकलं. त्यामुळे झालं असं (हे नंतर कळलं) की गजरी खुटबावला पोचल्यावर तिची जोडणी अप्पांनी स्वतः जाऊन करून द्यायची होती. तिला गंज चढणार नाही याची हमी अप्पांनी दिली होती. तिचे सुटे भाग वर्षानुवर्षं पुरवत राहायची जबाबदारीही त्यांचीच होती!

सह्या झाल्या. दाजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कागदाबद्दल आदर फार. त्यांनी पानापानावर सावकाश सही केली. अप्पांनी पेन टेकवायच्या आधी मला विचारलं, "तुझ्या आईची अट आली का ह्यात?"

"सगळं आलं," मी म्हणालो.

यथावकाश गजरी व्याली आणि रेडी झाली. (रेडा झाला असता तर दोन्ही घरांनी तो मोठ्या मनानं एकमेकांना देऊ केला असता.) आईनं गव्हाण धुतली, स्वतःच्या हातानं नवं दावं वळलं आणि अप्पांना नि मला टेम्पो घेऊन खुटबावला पाठवलं. तिथे दाजींचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला खरवस दिला, चहा दिला, आणि अतिशय प्रेमानं सांगितलं की रेडी मिळणार नाही.

"आमी पूर्वी मेंढरं राखायचो," आबा म्हणाले. "पहिलं पिल्लू राखणाऱ्याचं. ही रीत हाय."

अप्पा म्हणाले, "आमच्याकडं पहिलं पिल्लू धन्याचं असतंय."

"म्हस व्याली कुठं? खुटबावात."

"पर म्हस हाय कुठली? इनामगावची."

दोघांचंही बरोबर होतं, हीच खरी पंचाईत होती. दोन गावांमधल्या भीमेच्या अलीकडे एक रीत, पलीकडे दुसरी, आणि गजरी बिचारी एकीकडे जन्मून दुसरीकडे व्याली होती. दाजी खाली मान घालून बसले. अक्का दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी पुढे सरसावलो. म्हणालो, भांडता कशाला, अशा वेळेसाठीच तर करार असतो. कुठली रीत लागू करायची ते त्यात लिहिलेलंच असणार.

आणि ते खरोखरच लिहिलेलं होतं! दाजींनी ट्रंकेतून करार आणला. मी चष्मा पुसला, शेवटच्या पानांत ते कलम शोधलं आणि वजन पडावं म्हणून आधी इंग्रजीत खणखणीत वाचलं. मग मराठीत सांगायला लागलो, की या करारातून निघणाऱ्या कुठल्याही वादाला कायदा लागू राहील तो जर्मनीचा. तो शेवटचा शब्द मी बोट ठेवून पुन्हा वाचला.

"फुडं?" दाजींनी विचारलं.

पुढे लिहिलं होतं की खटला जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या कोर्टात चालेल आणि कामकाज जर्मन भाषेत होईल.

मला वाटलं आता एक तर हसतील, नाही तर मारतील. दोन्ही झालं नाही. आबांनी पटका सारखा केला आणि मनापासून विचारलं, "मंग तिकडं काय रीत हाय?"

खरं सांगतो, मलाही ते जाणून घ्यावंसं वाटलं. तोपर्यंत माझी समजूत अशी की कायदा हवेसारखा असतो, आपण जिथे उभे तिथला तो आपोआप लागतो. आता कळत होतं की दोन माणसं कागदावर लिहून भलत्याच मुलखातला कायदा घरी बोलावू शकतात. मग जपानचाही बोलावता येतो का? आणि बोलावलेला कायदा येतो का? अप्पांना यातलं काही जाणून घ्यायचं नव्हतं. ते टेम्पोत जाऊन बसले होते.

ठरलं असं, की मी कंपनीत चौकशी करायची आणि तोपर्यंत रेडी खुटबावलाच राहायची. रिकामा टेम्पो बघून आईनं दावं गुंडाळलं आणि खुंटीला अडकवलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं मला वाईट वाटलं.

इकडे खुटबावला दूध डेअरीवर ही बातमी दाजींनीच पोचवली. कोणी तरी म्हणालं, तिकडे जनावराला हात लावत नाहीत. आबांनी काठी आत ठेवून दिली. कोणी म्हणालं, तिकडे गोठ्यात गाणी लावतात. दाजींनी अक्काच्या चुलीजवळचा ट्रान्झिस्टर गजरीच्या डोक्यावर टांगला. शेजारच्या हमीदमामांच्या शेळ्या कुणाकडे तरी अर्धलीनं होत्या. त्यांनी मला निरोप धाडला की इचारतच हाय तर शेळ्यांचं बी इचारून घ्या. अक्काचाही फोन आला. म्हणाली, म्हैस विविध भारती ऐकते आणि मी चुलीपुढं बसते, तुझा कायदा लवकर निकालात काढ.

यंत्र जोडायला जर्मनीहून आलेले एक साहेब तेव्हा आमच्या कारखान्यात होते. त्यांना कँटीनमध्ये दहीभात खाताना गाठून मी माझ्या इंग्रजीत विचारलं की तुमच्या देशात म्हशीचं पहिलं पिल्लू कोणाचं असतं. त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग चमचा खाली ठेवला. मग सगळी हकीकत ऐकली आणि ते इतके खूश झाले की त्यांनी आपल्या वहीत माझ्याकडून गजरीचं चित्र काढून घेतलं.

ते म्हणाले, मी यंत्रं जोडतो, वकील नाही. पण हे कलम मला माहीत आहे, त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त ओढाताण होते. प्रत्येकाला आपल्या गावचा कायदा हवा असतो, आणि ज्याचा जोर जास्त त्याचं गाव कागदावर येतं. "तुमच्या म्हशीच्या करारात जोर कोणाचा होता?" त्यांनी विचारलं.

जोर कॉपी-पेस्टचा होता, हे मी सांगितलं नाही.

"आणि कायदा नंतर," ते म्हणाले. "करार जिथे गप्प बसतो तिथे कायदा बोलतो. आधी करार काय म्हणतो ते बघा. तुम्ही तो वाचलाय ना?"

"अर्थात," मी म्हणालो, आणि रविवारी पहिल्या गाडीनं खुटबाव गाठलं.

ओट्यावर सगळे जमले. या वेळी आईसुद्धा आली होती. मी आपला पुन्हा शेवटचं पान उघडायला लागलो, तेव्हा अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला. "सुन्या, पहिल्या पानापासनं वाच. एक वळ सोडायची न्हाई."

मग वाचलं. जोडणी झाली, गंज झाला, सुटे भाग झाले. आबांनी मान डोलावत विचारलं की सुट्या भागांत शेपटी येते का. आणि मधल्या एका पानावर मी थांबलो.

"का रं थांबला?" अक्का म्हणाली.

मी वाचलं. गजरीतून निघणारा पहिला नग तपासणीसाठी पुरवठादाराकडे पाठवावा. पुरवठादार लेखी पसंती देईपर्यंत तो नग पुरवठादाराच्याच ताब्यात राहील.

कारखान्यात हे रोजचंच असतं, नव्या यंत्राचा पहिला नग तपासून घ्यायचा. पण इथे पुरवठादार अप्पा होते, आणि नग गोठ्यात उभा राहून विविध भारती ऐकत होता.

"तपासणीला मुदत किती?" दाजींनी विचारलं.

"मुदत लिहिलेली नाही."

दाजींनी करार हातात घेतला, त्या पानावरची स्वतःची सही नीट न्याहाळली आणि आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "लिवलंय तर लिवलंय. रीतीला आमी वाकडं न्हाई, कुठली का असंना." आणि दाजींनी उठून स्वतः रेडी सोडली. आईनं पिशवीतून नवं दावं काढलं. (मला वाटलं होतं की पिशवीत चिवडा आहे.) रेडीच्या गळ्यात ते बांधताना ती माझ्या देखत घळाघळा रडली, आणि मीही जरा बाजूला जाऊन ट्रान्झिस्टर बंद करायचं निमित्त काढलं.

पुढचं रेडकू बिनबोभाट खुटबावला राहिलं. दाजी मात्र कागदाचे पक्के. दर सणाला यायचे आणि जेवण झाल्यावर आईला विचारायचे, "मामी, झाली का रेडी पास?" आई म्हणायची, "अजून बघतीया." अप्पांनी पसंती लिहून देऊ नये म्हणून तिनं घरातलं एकुलतं एक पेन डाळीच्या डब्यात ठेवलं होतं.

असं करता करता रेडी वाढली, माजावर आली, गाभण राहिली. मला दाजींची दया आली. एका सकाळी आई गोठ्यात वैरण टाकत होती, तिला म्हटलं, "आता तरी लिहून देऊ दे अप्पांना. किती दिवस तपासणार?"

आईनं पेंढी सोडता सोडता माझ्याकडे बघितलं.

"रेडी आली त्याच दिशी पास झाली," ती म्हणाली. "कागद करणाऱ्याची तपासणी चाललीया अजून."