पांढरा राहिलेला कागद

मैलूरच्या या घरात गॅस आहे, खिडक्या दोन आहेत, भिंतीला काजळीचा ठिपका नाही. तरी सकाळी भाकरी थापायला बसले की पाठीमागं कुणीतरी खोकतं. मी वळून बघत नाही, नुसती पुटपुटते. माझ्या मायचा खोकला मी हजारात ओळखीन. सून विचारते, "आत्या, कुनाशी बोलायलाव?" मी म्हणते, "तुझं काम कर गप." चिडते मी. चिडणं सोपं असतं.

बारावी होऊन मी बीदर जिल्ह्यातल्या आमच्या चिंताकी गावी घरी बसले होते, लग्न व्हायचं होतं. साल ऐंशीच्या पुढचं. चुलीच्या धुरानं बायकांच्या छातीचं काय होतं हे तपासायला एका मेडिकल कॉलेजातले डॉक्टर गावात आले. त्यांना कानडी यायचं, आमच्या बायका मराठी. मला दोन्ही यायचं, म्हणून मला कामावर घेतलं. मी धावत गेले, कारण माझा त्यात स्वार्थ होता. ज्या घरात धूर जास्त निघेल त्या घराला आधी बिनधुराची चूल बसवून देणार होते, आणि माझी माय चार घास भाकरी खाऊन झाली की भिंत धरून खोकायची. मनात म्हटलं, आमच्या घराला चूल मिळाली की माय वाचली.

काम असं होतं. सैपाकाच्या वेळी बाईच्या कमरेला एक लहान पंप बांधायचा. त्याची नळी खांद्यावरून पुढं घ्यायची, नळीच्या तोंडाशी गोल पांढरा कागद. बाई जी हवा आत घेते तीच हवा त्या कागदातून ओढली जायची. सैपाक संपेस्तोवर कागद आधी चहाच्या रंगाचा, मग काळा. नंतर एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं. काटा किती सरकला त्यावरून छातीत किती दम आहे ते कळायचं. बायका लई हसायच्या. "जलम गेला चूल फुंकण्यात, आन् ह्यो काटा हलंना मेला!" एक जण म्हणाली, "हे पंप आमच्या मालकाला बांधा की बाई, नुसतं बसून असतेत."

एकच नियम होता, सगळं रोजच्यासारखं करायचं. पण ऐकतील तर बायका कसल्या! कुणी ठेवणीतलं लुगडं नेसून चुलीपुढं बसे, कुणी कापसाच्या ओल्या पळाट्या लपवून शेजारणीची वाळकी लाकडं आणी. मी खेकसायची. एका अक्काला तर म्हणाले होते, "कुनाला फसवायलाव? छाती तुमची हाय, सायबाची न्हाई!" तोंडाळ होतेच मी. डॉक्टर हसून म्हणायचे, ही पोरगी माझ्यापेक्षा कडक आहे.

आमच्या घराची पाळी आली. आदल्या संध्याकाळी मी मायला सांगितलं, उद्या साहेब येणार, चुलीपाशी बसून बघणार. तिचा चेहराच उतरला.

"सैपाकघरात? आपल्या?"

"व्हय."

हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. मी पाळण्यात होते तेव्हा आमच्या घरानं धम्म घेतला. त्याआधी गावातलं कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं, आणि नंतरही फारसं कुणी आलं नाही. पण मायनं तेव्हापासून एक धरलं होतं की कुणी कधी आलंच तर त्याला नाव ठेवायला जागा मिळता कामा नये. भांडी इतकी घासायची की त्यात तोंड दिसावं. आणि आता एक शिकलेला परका माणूस थेट चुलीपाशी येऊन बसणार होता.

सकाळी मी पंप घेऊन घरी गेले तर चूल विझलेली. नुसती विझलेली नाही, राख काढून, शेणानं सारवून, वर पांढऱ्या मातीचं बोट ओढलेलं. जळणाच्या तुराट्यांचा भारा दिसेना. शाळेतल्या मास्तरीणबाईंचा रॉकेलचा स्टोव्ह मधोमध भरभरत होता आणि माय त्यावर भाकरी टाकत होती. स्टोव्हवर भाकरी करायची तिला सवय नव्हती. पहिली करपली होती.

"माय, हे काय करायलीस?"

"गप. बांध तुझं यंत्र."

मी बांधलं. दुसऱ्यांच्या घरात आकाशपाताळ एक करणारी मी, आपल्या घरात मूग गिळून बसले. तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, जळण कोणतं? माय म्हणाली, "लिही, रॉकेल." रोज? "व्हय, रोज." मी लिहिलं. माझ्या हातानं, निळ्या शाईनं, स्वच्छ अक्षरात. तेव्हा मला वाटलं, माय किती शहाणी, घराची अब्रू राखली! बिनधुराची चूल हातची जाईल हे ध्यानातच आलं नाही. लाज वाटण्याऐवजी मला बरं वाटलं, हे आज कबूल करते.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. चुलीपाशी पाट टाकला होता, त्यावर बसले. मायनं कपबशीत चहा दिला आणि ते प्याले. शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मायचं तोंड असं उजळलं की मी तिला तशी पुन्हा कधी पाहिली नाही.

मग त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं. काटा जेमतेम थरथरला. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा तेच. डॉक्टरांनी पंपाचा कागद काढून उजेडात धरला. पांढराधोप. ते मला कानडीत म्हणाले, "काहीतरी चुकतंय. छाती इतकी गेलेली आणि घरात धूरच नाही? रोज खरंच स्टोव्ह असतो का? नसेल तर सांग. मी रागावणार नाही. उद्या परत करू."

इतर बायकांसारखं नव्हे, मायला कानडी चांगलं कळायचं. ती दारात रिकामी कपबशी धरून उभी होती आणि माझ्याकडंच बघत होती. बाई गं, आता काय करू? खरं बोलले तर त्या चहाचं, त्या सारवणाचं, तिचं सगळंच खोटं ठरणार होतं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "रोज रॉकेलच."

त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मग धुराचा संबंध नाही म्हणून छातीच्या दुसऱ्या दुखण्याच्या तपासणीला मायला बीदरला पाठवलं. तिथं टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. महिनोन् महिने ती गोळ्या खात होती आणि रोज दोन वेळा तुराट्यांच्या धुरात बसत होती, कारण स्टोव्ह त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईंना परत गेला होता. बिनधुराच्या चुली आल्या तेव्हा आमच्या आळीत आठ बसल्या. आमच्या घराचं नाव यादीत नव्हतं. मी डॉक्टरांना एक कार्ड टाकू शकले असते. पत्ता होता माझ्याकडं. नाही टाकलं. आज टाकू, उद्या टाकू करत माझं लग्नही होऊन गेलं.

मायच्या शेवटच्या दिवसांत मी माहेरी होते. मायला आडवं पडून श्वास येत नसे, उशांना टेकून बसवावं लागे. एका दुपारी मला राहवलं नाही. म्हणाले, "माय, त्या दिशी मी सायबाला खोटं बोलले. चुकले मी. तुझी लाज राखायला गेले."

तिनं दम गोळा केला.

"मला वाटलं हुतं, तू सांगशील," ती म्हणाली. "त्यानं इचारलं तवा म्हणले, बरं झालं, आता ही सांगती. सुटले."

"मग तू कामून बोलली न्हाईस? तुला तर समदं कळत हुतं!"

"कसं बोलू बाई? तू कागदावर लिवून बसली हुतीस." तिनं माझा हात धरला, पण बोटांत जोर नव्हता. "पोरीनं खोटं लिवलं म्हणून सायबानं तुला कामावरनं काढलं असतं."

तीन दिवसांनी ती गेली.