कोशिंबिरीवरचा रस

त्या वर्षी आमच्या खात्यातली खंडेनवमीची यादी फळ्यावर लागली आणि मी ती तीनदा वाचली. माझ्या नावापुढे पहिल्यांदाच खाण्याची वस्तू होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशिनांची पूजा व्हायची. काम बंद. लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळं धुऊनपुसून झेंडूचे हार घालायचे आणि दुपारी खात्यातल्या बेचाळीस जणांनी एकत्र जेवायचं. कुणी घरून पुऱ्या आणायच्या, कुणी बटाट्याची भाजी, कुणी शिरा. कुणी काय आणायचं ते हजेरी क्लार्क लिहायचा. मी लागल्यापासून सहा वर्षं माझ्यापुढे एकच शब्द होता, पत्रावळी. मी दर वर्षी साठ न्यायचो, मोजून.

कारण उघड होतं. आम्ही बौद्ध. खात्यातले बहुतेक जण चाकणकडच्या गावांतले, शेतकरी घरांतले. तोंडावर कुणी काही बोलत नसे. कँटीनमध्ये आम्ही एका टेबलाला जेवायचो, एकाच काडीवर विड्या पेटवायचो. पण कँटीनचं जेवण कंपनीचं. घरून आलेला डबा ही वेगळी गोष्ट होती. सहा वर्षांत माझ्या डब्यात कुणाचा हात पडला नव्हता, आणि मी आकडे लक्षात ठेवणारा माणूस आहे.

या खेपेला लिहिलं होतं, 'काकडी, मुळा, टोमॅटो. कच्चे.' 'कच्चे'खाली रेघ.

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा मी खुशीत होतो. ती भाकरी थापत होती.

"कच्चे म्हणजे चिरणार तेच?"

"हो."

"म्हणजे पत्रावळीच की. फक्त हिरव्या."

मग काहीतरी बोलायचं म्हणून तिला नव्या मशीनवरच्या परदेशी साहेबाची गोष्ट सांगितली. तो कँटीनमध्ये रोज खिशातून बाटली काढायचा, जोरजोरात हलवायचा आणि काकडीवर ओतायचा. तेल आणि काहीतरी आंबट. हलवलं की एक व्हायचं, ठेवलं की लगेच वेगळं.

तिने तवा उतरवला. "बघा, काकडी त्यांना चिरू द्या. वरून घालायचा रस आपण करू. आपल्या घरचा, वाटलेला, डब्यात भरलेला."

"आणि नाही घेतला तर?"

"तर भरलेला डबा परत आणा. मला कळेल तरी."

ती हे इतक्या उत्साहाने म्हणाली की मलाही तो चढला. दुसऱ्याच दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी सायकल काढून चाकणच्या बाजारात गेलो. आश्विनाचे दिवस, शेतात भुईमूग उपटायचं काम चाललेलं. ओल्या शेंगांचे ढीग पडले होते, माती लागलेले, नुसत्या वासानेच भूक लागावी असे. शेंगा घेतल्या, आलं घेतलं, लिंबं घेतली, अजून देठाशी कोवळ्या असलेल्या हिरव्या मिरच्या घेतल्या. तेल घाण्याचं होतं.

आमच्याकडे एक पितळी तराजू होता. तो मी वर्षातून दोनदा नव्या वजनांशी ताडून बघायचो, यावर शेजारी हसत. आता तो कामाला आला. माणशी चाळीस ग्रॅम धरले. बेचाळीस जणांचे सोळाशे ऐंशी. मी वहीत लिहिलं: सोललेले ओले शेंगदाणे सहाशे, तेल साडेचारशे, पाणी तीनशे, लिंबाचा रस दोनशे, गूळ साठ, आलं पन्नास, मिरची तीस, मीठ पंचवीस. बेरीज सतराशे पंधरा. पस्तीस ग्रॅम चव बघण्यात जातील.

"मीठ पस्तीस घाला," बायको म्हणाली.

"पंचवीस. खारट झालं तर काढता येत नाही."

"अहो, मुळ्याला पाणी सुटतं. अळणी होईल."

"पंचवीस," मी म्हणालो. त्या एका आकड्यावर अडून बसल्याचा मला आजही खेद आहे.

रविवारी दुपारी एकअष्टमांशाचा नमुना केला. तेल आधी मोजलं होतं, म्हणून तेच आधी पातेल्यात गेलं. त्यात पाणी, लिंबाचा रस, मग पाट्यावर गुळगुळीत वाटलेले शेंगदाणे, आलं, मिरची. बायकोने रवी फिरवली. सायीच्या रंगाचा, किंचित हिरवट, दाट रस तयार झाला. काकडीवर घातला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. ओल्या दाण्याचा गोडवा, त्यामागून लिंबू, आणि गिळल्यावर आलं. दहा मिनिटांत पातेलं बोटाने पुसून झालं. बुधवारी पुन्हा केला, पुन्हा दहा मिनिटांत संपला. मला झोप लागेना, इतका मी पुढच्या दिवसांकडे डोळे लावून होतो.

खंडेनवमीला पहाटे उठून सबंध माप केलं. कडीच्या डब्यात भरलं, डब्यासकट वजन केलं, हँडलला डबा आणि कॅरिअरला भाज्यांचं पोतं लावून निगडीहून निघालो. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटके देत होतं.

पूजेच्या वेळी मी नेहमीसारखा मागे उभा राहिलो. हात जोडत नसे, पण खात्यात सगळ्यात चकचकीत लेथ माझाच असे, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. आरती झाली, पत्रावळी मांडल्या. पोरांनी काकडी, मुळा, टोमॅटो चिरून परातीत घातले. मी डबा पुढे आणला.

"हे काय, मायक्रोमीटर?" पलीकडच्या लेथवरच्याने विचारलं. खात्यात मला हेच नाव होतं.

"कोशिंबिरीवर घालायचा रस. घरी केलाय."

बोलणं थांबलं नाही, पण हळू झालं. मी झाकण काढलं.

वर दोन बोटं पिवळं तेल तरंगत होतं. खाली चोथा बसला होता.

"आयला, हे तर गिअर ऑइल," कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. क्लार्क घाईने म्हणाला, "राहू द्या हो. नुसतं मीठ-लिंबू लावू. तुम्ही कशाला त्रास घेतला." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. रस फाटला ते त्याच्या पथ्यावर पडलं होतं. आता कुणाला नको म्हणायची गरज नव्हती. मी झाकण लावायला घेतलं. डोळ्यांसमोर फक्त एकच गोष्ट होती, घरी दारात उभी असलेली बायको आणि जड डबा.

"थांब," मागून आवाज आला.

आमच्या खात्यातले सगळ्यात जुने मिस्त्री. चाकणच्या पलीकडच्या गावचे, गळ्यात तुळशीची माळ. लेथवर हत्यार गार ठेवायला दुधासारखं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. ते कालवायचं काम त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणाला ते पिंपाला हात लावू देत नसत. मला त्यांनीच शिकवलं होतं.

ते डब्यावर वाकले. "त्याल आधी घातलंस का पानी?"

मी हातातलं झाकण फिरवत राहिलो.

"आरं बोल की!"

"तेल आधी."

"सात वरसं!" मिस्त्री सगळ्यांकडे वळून ओरडले. "सात वरसं ह्यो गडी माझ्या पिंपापाशी उभा हाय! पान्यात त्याल, धार बारीक, हात थांबवायचा न्हाई. तेलात पानी वतलं का फाटतं. रोज बघतोस का न्हाई?"

"बघतो."

"मग घरी काय अक्कल कॅरिअरला बांधून ठिवली व्हती?"

सगळे हसले, मीही हसलो. आकडे सगळे बरोबर होते, क्रम चुकला होता. आणि घरी दहा मिनिटांत चाटून संपवल्यामुळे फाटायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

"त्याल काढ वरचं," मिस्त्री म्हणाले. पूजेत मांडलेला नवा कोरा ऑइल कॅन त्यांनी स्वतः उचलला, गरम पाण्याने धुतला, पंच्याने कोरडा केला. मी पळीने तेल निथळून त्यात भरलं. खालचा चोथा दुसऱ्या, रिकाम्या परातीत ओतला. मशीन त्या दिवशी चालवायचं नव्हतं, नाहीतर त्यांनी डबा घोटायला ड्रिलखालीच लावला असता. त्यांनी बाह्या सारल्या आणि शिऱ्याचा मोठा चमचा घेऊन घोटायला बसले. मी कॅनच्या नळीतून थेंब सोडायला लागलो.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजत होतोच. पन्नास थेंबांपर्यंत काही नाही. ऐंशीला चोथा जरा उजळला. दीडशेच्या आसपास त्याने तेल धरायला सुरुवात केली, तशी सगळी माणसं परातीभोवती गोळा झाली. "धरतंय, धरतंय!" "धार सोड आता!" "आरं न्हाई, थेंबच!" मिस्त्रींचा हात भरून आला तसा पलीकडच्या लेथवाल्याने चमचा घेतला. त्याच्याकडून ग्राइंडरवाल्याने. जो तो म्हणे, मला दे, तुला घोटता येत नाही. रस पांढरा झाला, दाटला, चमच्यावरून सावकाश घसरायला लागला. कॅन रिकामा झाला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली.

मिस्त्रींनी तर्जनी परातीत बुडवली. कूलंट दाट झालं का बघताना अशीच बुडवायचे. बोट वर धरून पाहिलं, धार पाहिली. मग ते बोट तोंडात घातलं.

रिकामा कॅन माझ्या हातात तसाच होता.

त्यांनी जीभ टाळ्याला लावली. विचार केला. "मीठ कमी हाय," ते म्हणाले, आणि क्लार्ककडे हात पसरला. "मीठ आन रं."

क्लार्कने मीठ आणलं. मिस्त्रींनी चिमूट घातली, दुसरी घातली, चाटलं, तिसरी घातली. मग सगळा रस चिरलेल्या भाज्यांवर ओतला, दोन्ही हातांनी कालवला आणि पहिल्यांदा स्वतःच्या पत्रावळीवर घेतला. त्यानंतर मी पंगतीत वाढत गेलो. चौघांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. अडतीस जणांनी घेतला, त्यातल्या अकरा जणांनी दोनदा. शेवटी परात पुरीने पुसली गेली.

घरी जाताना सायकल कशी चालवली ते आठवत नाही. बायको दारातच होती. तिने काही न विचारता डबा हातात घेतला आणि तो हलका लागला तशी तिने झाकण उघडून आत बघितलं.

"फाटला होता," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, थेंब मोजल्यासकट. ती उभ्या उभ्या ऐकत होती. मिस्त्रींनी बोट चाटलं तिथे आल्यावर तिने मला थांबवलं.

"काय म्हणाले? नेमकं सांगा."

"मीठ कमी हाय."

"मीठ कमी म्हणाले?" ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मीठ कमी म्हणाले! मी म्हटलं होतं की नाही पस्तीस?"

मी वही काढली, पंचवीस खोडलं आणि तिच्यासमोर पस्तीस लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'तेल शेवटी, थेंबाथेंबाने.' पुढच्या वर्षी यादीत माझ्यापुढे क्लार्कने एकच शब्द लिहिला, रस. खाली रेघ नव्हती.