दारावर डकवलेला कागद

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी बैलगाडीत आधी जातं चढवलं, मग भांडी, मग आईची पेटी. बाबा खाली उभेच होते. कोर्टाच्या बेलिफाने आमच्याच दाराला बाहेरून आणलेलं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली दावा लावणाऱ्याच्या माणसाकडे दिली. आईने बेलिफाला विचारलं, "आता काय करता येल का, दादा?" तो म्हणाला, "आता काही नाही. मुदत गेली." कसली मुदत, ती कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे काही त्याने सांगितलं नाही. सायकलवर टांग मारली आणि बांधावरून निघून गेला. भर दिवसा, साऱ्या गावादेखत आमचं घर गेलं आणि ते का गेलं हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

तुकारामकाका, हे सगळं तुम्ही पाहिलंय. बाबांचे धाकटे भाऊ म्हणून वेशीपर्यंत गाडीमागे चालत आला होतात. तरी पुन्हा लिहितेय, कारण परवा निरोप आला की ज्याने आमचं घर आपलं म्हणून दावा लावला, त्याच माणसाने तुमच्या घरावरही दावा लावलाय, दारावर कागद डकवून झालाय आणि तुम्ही मिठागरावर जाऊन बसलात. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुतणीने काकाला असं लिहू नये म्हणतात. म्हणू देत.

सरकारी कागद हातात घ्यायचा नाही, ही आपल्या गावची रीत कोणी घालून दिली देव जाणे. बेलिफाची सायकल लांबून दिसली की सगळे बाप्ये गायब. कोणी मिठागरात, कोणी खाडीत, कोणी पेंढ्याच्या उडवीमागे. दारात फक्त बाया, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "घरान कोन नाय." बाबा तर ठासून सांगायचे, "कागुद हातान घेतला का गुन्हा कबूल केला. आपून कोनाची चोरी केली नाय, मंग कागुद कनाला घ्यायचा?" आणि तुम्ही सगळे माना डोलवायचात. दोन वेळा बेलीफ हात हलवत परत गेला तेव्हा बाबांनी मोठीच लढाई जिंकली असं गावाला वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी हात पुढे केला होता, हे तुम्हाला ठाऊक नसेल. सोळा वर्षांची होते, चौथी पास होते. म्हटलं, माझ्याकडे द्या. बेलीफ हसला. "बाईमाणसाच्या हातात देता येत नाही. घरातला मोठा पुरुष बोलाव." काका, हा खरोखरीचा कायदा आहे, मी पुढे विचारून घेतलं. मोठा पुरुष उडवीमागे बसलेला, मी समोर उभी, अक्षरं मलाच वाचता येणारी, आणि कागद मात्र मला चालत नाही!

तिसऱ्या खेपेला त्याने तो दारावर डकवला. संध्याकाळी बाबांनी मला वाचायला लावला. वाचला मी घडाघडा. हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालवला जाईल, असं त्यात होतं. बाबा म्हणाले, "म्हंजे काय?" मला कळलं नव्हतं. पण चौथी पासचा ताठा होता ना! मी म्हटलं, "तारखेला बोलावलंय." पुढचं गिळलं. शाळेच्या मास्तरांना विचारता आलं असतं, तेही लाजेने विचारलं नाही. माझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दिवाळीआधी आईने सारवण काढलं तेव्हा तो कागद भिजवून खरवडून टाकला आणि पीडा गेली म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मग ठाणं. टेंभी नाक्याजवळ चाळीत एक खोली, बाबा लाकडाच्या वखारीत, मी नौपाड्यात एका वकिलांकडे स्वयंपाकाला. गावात उजाडलं की खाडीचा वारा अंगावर यायचा, इथे उजाडतं ते नळावरच्या भांडणाने. वकिलीणबाईंनी माझी भाषा घासूनपुसून घेतली. 'मना' म्हणायची ती 'मला' म्हणायला लागले. ओसरीवर पक्षकार बसायचे आणि पोळ्या लाटता लाटता तेच शब्द माझ्या कानावर पडायचे. एकदा धीर करून मी वकीलसाहेबांना विचारलं, एकतर्फी म्हणजे काय हो? ते म्हणाले, "तुला काय करायचंय? ते आमचे शब्द आहेत." आमचे शब्द! घर आमचं गेलं आणि शब्द यांचे!

सांगितलं ते वकिलीणबाईंनी, भाजी निवडता निवडता. "अगं, त्यात काय कठीण आहे?" समन्स म्हणजे फक्त बोलावणं, त्यात गुन्हा कबूल करण्यासारखं काही नसतं. कागद दारावर डकवला की तो तुम्हाला मिळाला असंच कोर्ट धरून चालतं, मग तुम्ही कुठेही लपा. कैफियत म्हणजे आपली बाजू लिहून देणं. आपण गेलोच नाही, तर न्यायाधीश समोरच्याचं तेवढं ऐकून निकाल देतो, तो एकतर्फी. आणि तसा निकाल झाला तरी तीस दिवसांत अर्ज करून, का आलो नाही ते सांगून, दावा पुन्हा उघडून मागता येतो. आम्ही तीन पिढ्या त्या घरात राहत होतो, घरपट्टी भरत होतो. ते कोर्टापुढे ठेवलं असतं तर चांगलंच वजन पडलं असतं, असं बाई म्हणाल्या. मेथीची जुडी निवडून व्हायच्या आत सगळं सांगून झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही देशोधडीला लागलो! स्वराज्य आलं, झेंडावंदनं झाली, भाषणं झाली, पण गावात येऊन हे चार शब्द सांगावेत असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

बाबांना सांगावं की नाही, यात माझे कितीतरी दिवस गेले. तुमचा निरोप आला त्या दिवशी मात्र सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ही तीस दिसांची गोष्ट त्या बेलिफाला ठावं व्हती?" मी म्हटलं, असणारच. "मंग तो बोलला कनाला नाय?" हात जोडून मागितलेलं नव्हतं आम्ही काही, नुसतं एक वाक्य हवं होतं, आणि तेही वेळेवर.

तेव्हा काका, मिठागरावरून घरी या. दारावरचा कागद आहे तसा काढून जवळ ठेवा आणि तारखेला कोर्टात हजर राहा. पुकारा झाला की मोठ्याने 'हजर' म्हणा आणि कैफियत द्यायला मुदत मागा. मुदत मागण्यात कमीपणा नाही. ठाण्यात आमची खोली आहे, शेजार चांगला आहे, रेशनकार्डावर इथलाच पत्ता आहे. पण सणासुदीला 'घरी जातो' म्हणून आम्ही निघतो ते तुमच्याच अंगणात उतरतो. तेवढं एकच घर आम्हाला उरलंय.

तारखेच्या दिवशी बाबा वखारीत खाडा करून पहिल्या गाडीने निघणार आहेत आणि तुमच्या आधी कोर्टाच्या दारात जाऊन उभे राहणार आहेत. मी म्हटलं, तुमचं तिथे काय काम? तर म्हणाले, "तो दारापासून मागं फिरल. मी फिरू देनार नाय."