दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. मास्तरांनी आयुष्याची ऐन वर्षं या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढली. सिनेमाला गेले तरी पाय तिथंच असायचा. पडद्यावर गाडी वळणाला आली की मास्तर पुढच्या खुर्चीला लाथ घालत, आणि पुढचा माणूस वळून बघे.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर या माणसानं गेम डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. स्कूलच्या मालकानं गेम बनवणाऱ्या एका कंपनीकडून सिम्युलेटर आणला होता: खुर्ची, स्टिअरिंग आणि समोर पडद्यावर रस्ता. मास्तरांच्या हाताखाली महिनाभर घाम गाळलेली माणसं त्या खुर्चीत आठवड्याभरात सुतासारखी सरळ चालवायला लागली. हे कसं काय, असं मास्तरांनी एका शिकणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथं शेजारी कुणी नसतं ना. हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. आता रागवायचं तरी, नाहीतर शिकायचं तरी. रागवून झालं होतं.

घरी चेष्टेला ऊत आला. मेहुण्यानं विचारलं, नापास झालात तर घरी चिठ्ठी येते का, आणि आली तर सही कोण करणार. आई म्हणाली, लहानपणी खेळतोस म्हणून मारलं, ते सगळं वाया गेलं म्हणायचं. बायको काही म्हणाली नाही. ती इस्पितळात औषधांच्या खिडकीमागं बसायची. दिवसभर लोकांना जेवणाआधी, जेवणानंतर असं समजावून घरी आली की तिच्याकडं शब्द उरत नसत. लग्न नवं असताना मास्तरांनी तिलाही गाडी शिकवायला घेतली होती. एका वळणावर ती उतरली, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेली. त्यावर पुन्हा बोलणं झालं नव्हतं. ती बसनं जात होती.

वर्गातली मुलं मास्तरांच्या निम्म्या वयाची. पदवीनंतर कोण काय करणार हे प्रत्येकाचं ठरलेलं. एक मुलगी खेळातली फक्त झाडं काढणार होती. एक जण खेळातली हाणामारी फार सोपी नको आणि फार अवघड नको म्हणून दिवसभर आकडे जुळवणार होता. आणखी एक जण खेळातल्या भिंतींवर आपटून कुठली भिंत पोकळ राहिली आहे ते शोधणार होता. त्याच्या आईनं नातेवाइकांत तो इंजिनिअर असल्याचं सांगून ठेवलं होतं. मास्तरांना एका कंपनीनं विचारलं होतं. खेळाची पहिली दहा मिनिटं त्यांनी रचायची. म्हणजे नव्या माणसाला खेळ शिकवायचा, पण कुणीतरी शिकवतंय याचा त्याला वास येऊ द्यायचा नाही. अट एकच, पदवी हातात हवी.

आणि पदवी अडली होती मास्तरांच्या तोंडापाशी.

या शिक्षणात एक रीत आहे. तुम्ही केलेला खेळ अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा, त्याच्या मागं बसायचं आणि गप्प राहायचं. तो अडला, चुकला, वैतागला तरी गप्प. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "खेळ विकला गेला की तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन सोफ्यावर बसणार आहात का?" मास्तरांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला होता. त्यांची तयारी होती.

शेवटच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. पहिल्यांदा "डावीकडं, डावीकडं" म्हणाले. दुसऱ्यांदा तोंडातून शब्द काढला नाही, पण खेळणारा चुकला की खोकत राहिले. आता तिसरी खेप, आणि नियमानं शेवटची.

खेळ साधा होता. जिन्यावरून एक कपाट खाली आणायचं. वळणाला ते अडकतं. कपाटाचे खण आधी बाहेर काढले तर सुटतं, पण हे खेळणाऱ्याला आपलं आपण सुचायला हवं.

परीक्षेच्या दिवशी खेळायला येणारा माणूस आजारी पडला. मॅडम कुणी मिळतंय का बघायला बाहेर गेल्या. बाकावर मास्तरांची बायको बसली होती. मास्तर चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला ती कामावर जाता जाता आली होती. खेळ पाहिला आहे का, असं मॅडमनी विचारलं. नाही, ती म्हणाली, मला दाखवत नाहीत, मी प्रश्न विचारते म्हणून. मॅडमना तेवढं पुरलं.

ती पर्स मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसली. मास्तर मागं. मॅडम भिंतीशी.

तिनं कपाट ढकललं. ते वळणाला अडकलं. तिनं उलटं ढकललं, मग तिरकं, मग पुन्हा पहिल्यासारखंच. मास्तरांचा पाय जमिनीत रुतला. त्या खोलीखाली दुसरी खोली होती, आणि तिच्याखाली माती. पाय तिथवर पोचल्यासारखा वाटला. ओठ त्यांनी दातांखाली धरले होते.

मग तिनं हात मागं घेतले. पडद्याकडं बघत राहिली. कपाटाच्या एका दाराला मूठ नव्हती, तिथं सुतळी बांधली होती.

"हे आपलं कपाट आहे," ती म्हणाली.

घर बदललं तेव्हा ते कपाट असंच जिन्यात अडकलं होतं. वर ती होती, खाली मास्तर. खालून मास्तर सूचना देत होते. शेजारी दारं उघडून बघत होते. शेवटी खण काढल्यावर कपाट सुटलं, आणि ही युक्ती आपली, असं मास्तर वीस जणांना तरी सांगून बसले होते.

"खण काढू या म्हणून मी वरून ओरडत होते. तुम्ही म्हणत होता, आधी डावीकडं घे."

मॅडम आता पडद्याकडं बघत नव्हत्या, मास्तरांकडं बघत होत्या. मास्तरांकडं उत्तर तयार होतं. जिन्यात आवाज घुमत होता, हमाल बडबडत होते, डावीकडं घेतल्याशिवाय खण निघालेच नसते. सगळं ओळीनं उभं होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. आणि त्याच्या मागं, अंधारात, तिचा वरून येणारा आवाज. तो त्यांना खरंच आठवला. तेव्हाही ऐकू आला होता.

मास्तर खोकले नाहीत.

तिनं एकेक खण बाहेर काढला, कपाट खाली आणलं आणि पर्स उचलून विचारलं, "झालं? माझी बस जाईल."

मॅडमनी पास केलं. खेळाविषयी शेरा लिहिला की खेळणारीला उत्तर आधीच ठाऊक होतं, सबब खेळाबद्दल काही सांगता येत नाही. विद्यार्थ्याच्या वर्तनाबद्दल पूर्ण गुण दिले.

मास्तर आता त्या कंपनीत खेळांची पहिली दहा मिनिटं रचतात. लोक ती वगळून पुढं जातात. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नाही. मेहुणा ओळख करून देताना अजून ड्रायव्हिंग स्कूलवालेच म्हणतो.

बायकोनं त्याच वर्षी जुन्या स्कूलमधल्या सिम्युलेटरवर शिकायला नाव घातलं. घरी सांगितलं ते लायसन आल्यावर. तिनं पहिल्यांदा गाडी काढली त्या दिवशी मास्तर सवयीनं पुढचं दार उघडायला गेले.

"तुम्ही मागं बसा," ती म्हणाली.

ते मागं बसले. गाडी गल्लीतून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, वळणाला आली. तिनं आरशात बघितलं.

"पाय," ती म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलून घेतला.