नेपल्सचा सामना आणि आतोबांचा आंबा

आमच्या आतोबांइतका रागीट माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि झाला असं कोणी म्हणत असेल तर तो आतोबांना भेटलेला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्येचे यजमान. राहायचे मांडवीला, नोकरी बोटीवर तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची. जन्मभर वाऱ्यावर आवाज चढवून बोलल्यामुळे जमिनीवर आल्यावरही त्यांना हळू बोलता येत नसे. ते "बस रे" म्हणाले की बसलेला पाहुणा घाबरून उभा राही. एकदा न्हाव्याने भाट्याच्या खाडीतल्या मासळीबद्दल काहीतरी वावगं म्हटलं, तर हे अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. दोन दिवस ती अर्धी दाढी गावभर मिरवली. तिसऱ्या दिवशी न्हावीच वस्तरा घेऊन घरी आला.

पण हे किरकोळ राग. त्यांचा खरा राग वर्तमानपत्रांवर, आणि त्याचं मूळ होतं थेट इटलीत. चौतीस साली त्यांची बोट नेपल्स बंदराला लागली, तेव्हा तिथे देशोदेशींच्या संघांची फुटबॉलची मोठी स्पर्धा चालू होती. गोदीतल्या कोणा भल्या माणसाने पास दिला आणि आतोबा ठेवणीतला कोट चढवून सामन्याला गेले. एकीकडे हंगेरी, दुसरीकडे इजिप्त. आतोबा बसायच्या आधीच इजिप्तचे झाले. पूर्वी एकदा ते पोर्ट सैदला तापाने फणफणले होते, तेव्हा तिथल्या एका खारीकवाल्याने आठ दिवस त्यांना घरी ठेवून पेज पाजली होती. "त्याचे गाववाले खेळतायत आणि मी गोऱ्यांसाठी टाळ्या पिटू? मेल्या, पेज विसरू काय?" असं ते मलाच दरडावून विचारत. मी कधी विसरा म्हटलं होतं?

इजिप्तवर धडाधड दोन गोल झाले. आतोबा उठले, टोपी सारखी केली, पूर्वेकडे तोंड करून हात जोडले आणि त्या हजारो लोकांत आमच्या ग्रामदेवाला खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, परमुलखातून तुझं लेकरू हाक मारतंय, ह्या पोरांच्या पाठीशी उभा रहा!" गाऱ्हाण्याला चार माणसांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. तिथे कोण म्हणणार? तेही ह्यांनीच म्हटलं. आणि काय सांगावं, इजिप्तने दोन्ही गोल फेडले! मध्यंतराला दोन-दोन. त्या आनंदात आतोबा नवस बोलून बसले. "ह्यांना जिंकव, मी तुला पाच नारळांचं तोरण बांधीन. आणि तोरण बांधीपर्यंत आंबा तोंडात घालणार नाय." मग बोटीवर हजेरीची वेळ झाली म्हणून ते निघाले, आणि निकाल राहिला. ही सगळी हकीकत त्यांच्याच तोंडची.

घरी आल्यावर देवळातल्या गुरवाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तांडेलांनू, हरले तर काय, ते तुम्ही बोललाच नाय. आता जिंकल्याशिवाय तोरण नाय, आणि तोरणाशिवाय आंबा नाय." झालं! रत्नागिरीत, दारात हापूसची चार कलमं, आणि मालकाला आंबा बंद.

त्यानंतर वाचनालयातल्या लोकांचे हाल कुत्रा खाईना. आतोबा रोज सकाळी जाऊन सगळी पत्रं चाळायचे आणि टेबलावर आपटायचे. "कापसाचा भाव छापतात, लाटसाहेबाचं पडसं छापतात, आणि इजिप्तचं काय झालं ते एकाला छापता येत नाय?" कलमांना मोहोर आला की झाडाखाली उभे राहून झाडालाच शिव्या. माझ्या लग्नात तर कहर केला. वाढप्याने पानात आमरस वाढला, तर हे भरल्या पंगतीतून ताडकन उठले आणि माझ्या सासऱ्यांना, ज्यांना आयुष्यात प्रथमच पाहत होते त्यांना, म्हणाले, "माझा व्रतभंग करायला बोलावलंनीत काय?" सासरे बिचारे हात जोडून उभे. मला आजही त्याचा संताप येतो.

आणि आत्या? तिनेही आंबा सोडला. नवरा खात नाही तर मी कशी खाऊ, एवढंच. आतोबा भडकायचे. "गो, नवस माझा! तुला कोणी सांगितलान उपाशी मरायला?" ती हसून कामाला लागायची. चार उन्हाळे असे गेले.

पाचव्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. अन्न जाईना. तिने एकच मागितलं, की आंब्याची अढी आपल्या खोलीत लावा. गवतात पिकणाऱ्या फळांचा वास तरी येईल. हे गावाकडच्या पत्रात वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. कसला फुटबॉल नि कसलं काय! मी तेव्हा मुंबईला एका जहाज कचेरीत कारकून होतो. पोर्ट सैदच्या एका खलाशाला गाठून विचारलं. तो तोंड पाडून म्हणाला, चार-दोन. इजिप्त हरलं.

मी रत्नागिरीला गेलो, आत्येच्या उशाशी बसलो आणि तिच्यादेखत आतोबांना बेधडक सांगितलं, "इजिप्त जिंकलं. तीन-दोन."

आतोबा जे कडाडले! "पाच वर्षं लागली ही बातमी आणायला? कचेरीत काय माश्या मारतोस?" त्याच पावली नारळ घेऊन देवळात गेले, तोरण बांधलं, आले, आणि अढीतला उत्तम आंबा काढून स्वतः कापला. आत्येने दोन फोडी खाल्ल्या. डोळे मिटून, सावकाश. "तुम्ही पण घ्या हो," म्हणाली. आतोबांनी एक फोड उचलली आणि "बाहेर बसून खातो" म्हणत मागच्या पडवीत गेले. मीही मागोमाग गेलो. तिथे त्यांनी ती गाईला घातली.

मी म्हटलं, "आतोबा, हे काय? नवस तर फिटला."

"इजिप्तवर चौथा गोल झाला तेव्हा मी तिथेच होतो," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "हजेरी कसली, मेल्या! शेवटपर्यंत बसलो होतो. हे तिला सांगितलं असतं तर तिचा आंबा जन्माचा गेला असता. आणि जिंकले म्हणून मी सांगितलं असतं, तर ते देवाशी खोटं झालं असतं. तू खोटं बोललास ते माझ्याशी, देवाशी नाय. पाच वर्षं वाट बघितली, तुमच्यातल्या एकाला तरी खोटं बोलायची अक्कल येईल म्हणून. सगळे शिंचे हरिश्चंद्र!"

"मग तुम्ही आता कधीच...?"

"तोरण तिच्या आंब्यासाठी. मला निकाल माहीत आहे ना रे," ते म्हणाले. आतून आत्येने विचारलं, "गोड आहे ना हो?"

"साखर आहे, साखर!" आतोबा ओरडले, आणि कोरडं तोंड धोतराला पुसत आत गेले.