ब्रीताचे कोपर

सकाळपासून एलिंगने पिंपावरची घोंगडी तिसऱ्यांदा बाजूला केली. आत काही हालचाल नव्हती. ना फेस, ना बुडबुडा. दीडशे लिटर गोड रस जसाच्या तसा पडून होता. काल दिवसभर त्याने एकट्याने ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, त्या पाण्यात मोडाचे जव भिजवले, गाळले, तांब्याच्या हंड्यात चार तास आटवले. आता खांदे भरून आले होते. पिंपाच्या कडेवर डोके टेकावे आणि उठूच नये, असे त्याला वाटत होते.

ब्रीताला, त्याच्या बायकोला, जाऊन तीन दिवस झाले होते. दफन पुढच्या शुक्रवारी. वोसच्या या खोऱ्यात दफनानंतरच्या जेवणाला नावच मुळी 'थडग्याची बिअर' असे आहे, आणि ती घरात केलेली लागते. सगळ्या खोऱ्याची छपरे दगडी पाट्यांनी शाकारलेला आणि प्रत्येक छपरावर बसून स्वतःच्या बिअरची टिमकी वाजवलेला एलिंग बायकोच्या दफनाला दुकानातल्या बिअरचे डबे मांडणार? त्यापेक्षा त्याने दार लावून घेतले असते.

शेजारची सिनेव्हा सूपचे भांडे घेऊन आली, तेव्हा तो पिंपाजवळ स्टुलावर बसून होता.

"काय रे, आलं का वर?"

"नाही."

तिने भांडे ठेवले, पळी बुडवून रस चाखला. "आंबट नाही झालेला. वाचेल अजून. क्वाइक किती घातलंस?"

क्वाइक म्हणजे बिअरचे विरजण. एलिंगच्या घरातले त्याच्या पणजीपासून चालत आलेले. वाळवलेल्या खपल्या कापडात गुंडाळून ठेवायच्या, निम्म्या वापरायच्या, निम्म्या राखायच्या.

"सगळं घातलं."

"सगळं? अरे, निम्मं ठेवायचं पोरासोरांनाही कळतं!"

"डोकं ठिकाणावर होतं का माझं?"

सिनेव्हाने पळी खाली ठेवली. "बरं, रस गरम किती होता?"

"धारोष्ण दुधाइतका. नेहमीसारखा."

"कशाने बघितलंस?"

"हाताने. आणखी कशाने?"

सिनेव्हाने त्याचा हात धरून उलटा केला. छिन्नी-हातोडीने तळव्याची वहाण झाली होती. "ह्या हाताने? शेगडीतलं जळतं लाकूड ह्याच हाताने सारतोस तू! ब्रीता कशाने बघायची?"

एलिंगने पिंपाकडे बघितले. दर वेळी तो खपल्या घेऊन उभा राहायचा, "झालं का?" म्हणून विचारायचा. ब्रीता बाही वर करून कोपर बुडवायची आणि म्हणायची, "थांब अजून." उगाच वेळ काढते म्हणून तो करवादायचा. एक्केचाळीस वर्षे बिअर आपण करतो, असे तो समजत होता.

"चटका बसून मेलं ते," तो म्हणाला. "पणजीचं क्वाइक. मी मारलं."

सिनेव्हा एप्रनचे टोक पिळत राहिली. मग एकदम म्हणाली, "माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे कुठलं?"

"तुझंच. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा अनफिन क्वाइक मागायला वाटी घेऊन आला होता. आमच्या घाणेरड्या पिंपात ते मरेल असं म्हणून तू त्याला रिकामा परत पाठवलास. त्याच संध्याकाळी ब्रीता येऊन देऊन गेली."

"म्हणजे अनफिनची ती बिअर..."

"जिला तू प्रत्येक लग्नात सूप म्हणतोस, ती. तुझंच सूप आहे ते."

एलिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षे! ब्रीता रोज समोर बसून पावाला लोणी लावत होती, आणि एक अक्षर बोलली नाही! पण भांडायचे कोणाशी? भांडायचे माणूस चर्चमध्ये पेटीत निजले होते. राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना, आणि मग त्याला रडू आले. सिनेव्हा खपल्या आणायला घरी गेली.

ती येईपर्यंत त्याने थोडा रस पुन्हा तापवून पिंपात ओतला होता. सिनेव्हा बाही सरसावू लागली, मग थांबली.

"तूच बघ."

एलिंगने शर्टाची बाही दुमडली. आतली कातडी पांढरी, मऊ होती. छिन्नी तिथवर पोचली नव्हती. त्याने कोपर बुडवले आणि झटकन बाहेर काढले.

"थांब अजून," तो म्हणाला.

 पाऊण तासाने पुन्हा कोपर बुडवून त्याने स्वतःच खपल्या टाकल्या. दुपारपर्यंत पिंपात सूं सूं सुरू झाले आणि घरभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला. वरचा फेस, म्हणजेच नवे क्वाइक, त्याने काढून घेतला, कापडावर पसरून शेगडीशेजारी वाळत घातला.

शुक्रवारी पहिला पेला अनफिनला मिळाला. त्याने घोट घेतला, मिशा पुसल्या. "सूप बरं झालंय."

"चोरीचं आहे," एलिंग म्हणाला.

लोक उठू लागले तसा तो दारापाशी जाऊन उभा राहिला. पाय दुखत होते, पण बसला नाही. जो निघेल त्याच्या हातात तो कागदाची एक पुडी ठेवत होता. आत क्वाइकच्या चार खपल्या. नऊ वर्षांपूर्वी वाटी परत पाठवणारा हाच का, म्हणून लोक त्याच्याकडे बघत राहिले. तो मात्र प्रत्येकाला तेवढेच सांगत होता.

"हाताने नाही बघायचं. कोपराने."